शब्बात की शाबेस? ज्यूंच्या इंग्रजीतले हिब्रू-यिडिश शब्द मराठीत आणताना

मृणाल_अनुवाद

ज्यू लेखकांच्या इंग्रजी कथा-कादंबऱ्या, नाटकं, मालिकांची उपशीर्षकं मराठीत करणाऱ्यांसाठी हा धागा. पात्रं बोलतात इंग्रजीच, पण मधूनच शुल (प्रार्थनागृह), डाव्हन (प्रार्थना करणं), बेन्श, नेबिश (बिचारा, बावळट), मखुतोनिम असे शब्द येतात. तिकडचा वाचक ते चालवून घेतो, कारण निम्मे त्याच्या कानावरून गेलेले असतात. मराठीत मात्र दर शब्दापाशी थांबून ठरवावं लागतं.

माझं म्हणणं आधीच मांडते: बोलणारा कोण हे पहिल्यांदा ठरवा, शब्द नंतर. 'ज्यूंचं इंग्रजी' अशी एकच बोली नाही. ब्रुकलिनच्या येशिवातला (धर्मशाळेतला) मुलगा, कॅलिफोर्नियातली रिफॉर्म या उदारमतवादी पंथाची शिक्षिका आणि न्यूयॉर्कची सीरियन ज्यू आजी यांचे शब्द वेगवेगळे असतात, आणि ते वेगळेपणच लेखकाला दाखवायचं असतं. शाबेस असो की शब्बात, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीचा दिवस, आपण सगळ्यांना एकच 'सब्बाथ' देऊन टाकला की पात्रांची ओळखच पुसली जाते.

थोडी पार्श्वभूमी. यिडिश म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोलभाषा. तिचा सांगाडा मध्ययुगीन जर्मनचा. त्यात हिब्रू-अरामी आणि स्लाव्ह शब्दांची मोठी भर, आणि अगदी थोडे जुने रोमान्स (लॅटिनजन्य) शब्द. बेन्श (आशीर्वचन म्हणणं) हा लॅटिन 'बेनेदिचेरे'चा वंशज. लेयन (तोरा हा धर्मग्रंथ सुरावर वाचणं) हाही त्याच घरातला. नेबिश आणि श्माटा (चिंधी, जुनेर) स्लाव्ह भाषांतून आले. १८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून सुमारे २० लाख ज्यू अमेरिकेत आले आणि यिडिश सोबत घेऊन आले. १९२४ च्या कायद्याने ती वाट जवळजवळ बंद झाली. १९४८ नंतर इस्राएलची आधुनिक हिब्रू शाळांतून, उन्हाळी शिबिरांतून आणि प्रवासातून पोचली. त्यामुळे एकच हिब्रू शब्द इंग्रजीत दोनदा शिरलेला दिसतो, एकदा यिडिशच्या अंगाने आणि एकदा थेट.

या दोन वाटा ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे 'ताव' हे अक्षर. अश्केनाझी (मध्य-पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) परंपरेत बिंदू नसलेला ताव 'स' होतो, इस्राएली उच्चारात तो 'त'च राहतो. शाबेस-शब्बात, ब्रिस-ब्रित (सुंता), तालेस-तालित (प्रार्थनेची शाल), सुक्कोस-सुक्कोत (मांडवांचा सण), कश्रुस-कश्रुत (आहाराचे नियम). दुसरी खूण आघाताची. यिडिश वळणात जोर शेवटच्या अलीकडच्या अक्षरावर येतो, इस्राएली वळणात बहुतेकदा शेवटच्या. 'माझल तोव' म्हणताना 'मा'वर जोर दिला तर ते यिडिश, 'झल'वर दिला तर इस्राएली.

जाणकारांनी भर घालावी.

जर्सीवासी

मृणालताई, विषय चांगला काढलात. 'स' आणि 'त' कोण वापरतं ते नेमकं लिहितो, कारण इथे बरेच अनुवाद घसरतात.

'स' म्हणजे कर्मठ आणि 'त' म्हणजे आधुनिक, इतकं सरळ नाही. हरेदी (सगळ्यात कर्मठ) आणि येशिवा वर्तुळात 'स' ठाम आहे. पण १९५० च्या आधी वाढलेली, धर्म फारसा न पाळणारी आजीसुद्धा 'गुड शाबेस'च म्हणते, कारण तिने तेच ऐकलं. तिची नात हिब्रू शाळेत जाऊन 'शब्बात शालोम' शिकली. मॉडर्न ऑर्थोडॉक्स लोक दोन्ही वापरतात आणि समोरचा माणूस पाहून बदलतात. म्हणून 'स' दिसला की आधी पात्राचं वय बघा, मग पंथ.

हसिदी या कर्मठ भक्तिपंथाच्या वस्त्यांत, म्हणजे विल्यम्सबर्ग, बरो पार्क, किर्यास जोएल इथे, आणखी एक पदर आहे. त्यांची यिडिश पोलिश-हंगेरियन वळणाची, त्यात 'उ'चा 'इ' होतो. गुटचं गिट, शुलचं शिल, कुगलचं किगल. संवादात 'गिट शाबेस' आलं तर ती छपाईची चूक नाही. ते 'गुट' करून सुधारू नका.

सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालच्या) आणि मिझ्राही (मध्यपूर्वेतल्या) घरांत यिडिश नाहीच. ब्रुकलिनचे सीरियन ज्यू स्वतःला 'एस-वाय' म्हणवतात आणि प्रार्थनागृहाला अरबी वळणाचा 'क्नीस' शब्द वापरतात. लंडनच्या बेव्हिस मार्क्स या १७०१ च्या प्रार्थनागृहाच्या परंपरेत रब्बीला 'हाहाम' आणि प्रार्थनागृहाला 'स्नोगा' म्हणतात. अशा पात्राच्या तोंडी 'शुल' आणि 'ओय वे' (अरे देवा) घातलं तर ते कोकणातल्या माणसाला वऱ्हाडी बोलायला लावण्यासारखं होईल.

कोणता शब्द कोण वापरतं हे तपासायचं असेल तर सारा बुनिन बेनोर यांनी २०१२ मध्ये सुरू केलेला 'ज्यूइश इंग्लिश लेक्सिकन' हा ऑनलाइन कोश उघडा. त्यात अर्थ आणि मूळ भाषेबरोबर वापरणाऱ्यांचा गटही नोंदलेला असतो. नुसत्या अर्थाच्या कोशापेक्षा अनुवादकाला याचा उपयोग जास्त.

केतकी_म

मखुतोनिमला मराठीत काय करायचं? इंग्रजी अनुवादक दरवेळी 'माझ्या मुलीच्या सासरचे आईवडील' असं लांबलचक लिहितात.

मृणाल_अनुवाद

केतकी, तिथे सरळ 'व्याही' लिही. मखुतन म्हणजे व्याही, मखुतेनेस्ते म्हणजे विहीण, मखुतोनिम म्हणजे व्याही-विहीण. इंग्रजीत या नात्याला शब्दच नाही, म्हणून तिथल्या ज्यूंनी तो यिडिशमधून टिकवला. आपल्याकडे तो रोजच्या बोलण्यात आहे. परकेपणा दाखवायच्या हौसेने तिथे यिडिश शब्द ठेवला तर वाचकाला उगाच अडखळायला लावू.

उलट 'शिव्हा'साठी (दफनानंतरच्या सात दिवसांच्या शोकासाठी) 'सुतक' लिहू नये. दोन्हींत दिवस मोजले जातात, पण सुतकात अशौचाची कल्पना आहे, आणि शिव्हात माणसं शोक करणाऱ्यांच्या घरी येऊन बसतात, जेवण आणतात, तिथेच प्रार्थना होते. सुतक म्हटलं की मराठी वाचक बरोबर उलटं चित्र रंगवतो.

व्याकरणप्रेमी

सुटे शब्द सहज दिसतात, वाक्यरचना मात्र नजरेतून निसटते. खरं यिडिशपण तिथेच असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

क्रियापदं दोन तऱ्हांनी बनतात. पहिली सोपी: धातू घ्यायचा आणि इंग्रजी प्रत्यय लावायचे. डाव्हन-डाव्हन्ड-डाव्हनिंग, लेयनिंग, शेख्ट (ज्यू धर्मरीतीने जनावर कापणं) पासून शेख्टेड, पास्कन (धर्मशास्त्राचा निर्णय देणं) पासून पास्कन्ड. यातल्या पास्कनचा गाभा हिब्रू, शेवट यिडिशचा आणि काळ इंग्रजीचा. 'काशर' हे क्रियापद आणि 'कोशर' हे विशेषण यांत गल्लत करू नका. भांडं काशर करतात, मग ते कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारं, होतं.

दुसरी तऱ्हा येशिवातली: इंग्रजी 'असणे' आणि त्यापुढे हिब्रू धातुसाधित. 'ही वॉज मोखेल मी' म्हणजे त्याने मला क्षमा केली. 'आय वॉज योत्से' म्हणजे माझ्याकडून कर्तव्य पार पडलं. 'शी वॉज निफ्तर' म्हणजे ती वारली. इंग्रजी वाचकाला हे कर्मणी वाटतं आणि अनुवादात 'त्याला क्षमा केली गेली' असा उलटा अर्थ येतो. ही रचना यिडिशमधून जशीच्या तशी आली आहे. मराठी माणसाला ती परकी वाटायचं कारण नाही. 'दाखल होणे', 'हजर होणे' यांत आपणही अरबीतलं धातुसाधित घेऊन त्याला आपलं 'होणे' जोडतो. मोखेल हे हिब्रूतलं तसंच रूप आहे.

मग नेहमीच्या इंग्रजी शब्दांना आलेले यिडिश अर्थ. हे सगळ्यात फसवे, कारण शब्द ओळखीचा दिसतो.

'लर्न' म्हणजे नुसतं शिकणं नाही, तोरा आणि तालमूद या धर्मग्रंथांचा अभ्यास. 'माझा जावई लर्न करतो' याचा अर्थ तो कोलेलमध्ये (विवाहित पुरुषांच्या अध्ययनकेंद्रात) पूर्ण वेळ धर्माध्ययन करतो, अर्थार्जन बहुधा दुसरं कोणी बघतं. 'माझा जावई शिकतोय' लिहिलं की तो कॉलेजात आहे असं वाटेल. 'अध्ययनाला बसलाय' हे जवळ जातं.

'बाय' म्हणजे कुणाच्या घरी. 'वी आर ईटिंग बाय द रोझेन्स' म्हणजे आम्ही रोझेन यांच्याकडे जेवणार आहोत. मराठीतलं 'कडे' इथे चपखल बसतं. 'बाय अस' म्हणजे आमच्याकडे, आमच्या रीतीत.

'होल्ड' म्हणजे कुठवर पोचला आहात. 'व्हेअर आर यू होल्डिंग?' याचं 'कुठे धरलं आहे' असं केलेलं पाहून वाईट वाटतं. 'ब्रिंग डाऊन' म्हणजे ग्रंथात आधार सांगितला असणं, 'गिव्ह ओव्हर' म्हणजे शिकवण पोचवणं.

आणि 'दाव्का'. 'त्याने दाव्का आजच फोन केला' यात 'नेमका' बसतो, 'तिने दाव्का लाल घातला' यात 'मुद्दामच', 'दाव्का हेच पुस्तक हवं असं नाही' यात 'हेच'. एकच प्रतिशब्द ठरवून पूर्ण पुस्तकभर चालवू नका.

हेंडन_सुनीता

वरचं बहुतेक अमेरिकेचं झालं. ब्रिटनमधल्या ज्यूंची शब्दनिवड वेगळी आहे, थोडक्यात लिहिते. टोपीला अमेरिकेत यार्मुल्का किंवा किपा म्हणतात, इथे जुने लोक 'कपल' म्हणतात. घरातल्या अबोल्याला, वर्षानुवर्षं चाललेल्या भांडणाला 'ब्रॉइगस' हा इथला अगदी रोजचा शब्द. मूळ हिब्रू 'रागात' असं. थडग्यावरचा दगड उभारण्याच्या विधीला अमेरिकेत 'अनव्हेलिंग' तर इथे 'स्टोन सेटिंग'.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शोक करणाऱ्याला इथे 'आय विश यू लाँग लाइफ' म्हणतात. शब्द सगळे इंग्रजी, पण प्रथा ब्रिटिश ज्यूंची. अंत्यविधीच्या प्रसंगात 'तुम्हाला दीर्घायुष्य लाभो' असं आलं तर मराठी वाचक बुचकळ्यात पडतो. मी असते तर वाक्य तसंच ठेवून आधीच्या ओळीत 'ज्यू रीतीप्रमाणे' एवढं घातलं असतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या ज्यू घरांत शुक्रवारच्या वेणीदार पावाला हाला न म्हणता 'किट्का' म्हणतात. तिथले बहुतेक ज्यू लिथुआनियातून आलेले, हा शब्दही तिकडचाच.

अन्नतंत्र_सांगली

विषय साहित्याचा चाललाय, पण महाराष्ट्रातल्या पुष्कळ लोकांचा या शब्दांशी संबंध येतो तो कारखान्यात. मसाले, तेलं, निर्जलित कांदा-लसूण, खाद्यरसायनं निर्यात करणारे कोशर प्रमाणपत्र घेतात, आणि त्या इंग्रजी कागदपत्रांत हे शब्द खच्चून भरलेले असतात. अर्थ नीट माहीत नसला तर माल परत येऊ शकतो.

हेख्शर म्हणजे प्रमाणचिन्ह. हश्गाखा म्हणजे देखरेख, माश्गियाख म्हणजे ती करणारा माणूस. 'माश्गियाख तेमिदी' लिहिलं असेल तर उत्पादन चालू असेपर्यंत तो तिथे हजर हवा, महिन्याची भेट चालणार नाही. मिल्खिग दुधाचं, फ्लाइशिग मांसाचं, पार्व्हे दोन्ही नसलेलं. पहिले दोन यिडिश शब्द आहेत. हिब्रूत लिहिणारे त्याच जागी खलावी आणि बसारी लिहितात.

सगळ्यात मोठा घोटाळा 'पी' या अक्षराचा. ओ-यू, म्हणजे ऑर्थोडॉक्स युनियन या संस्थेच्या प्रमाणचिन्हापुढचा 'डी' म्हणजे दुग्धजन्य, पण 'पी' म्हणजे पार्व्हे नाही. तो पेसाख, म्हणजे वल्हांडण सणासाठी चालणारा माल. पार्व्हे मालावर नुसतं ओ-यू असतं किंवा 'पार्व्हे' असं अक्षरी लिहितात. लेबल करणाऱ्याने पार्व्हे समजून 'पी' छापला तर अख्खी छपाई फुकट जाते आणि घेणाऱ्याची दिशाभूल होते ती वेगळीच.

आपल्याकडच्या मालाला आणखी एक शब्द चिकटतो, किट्नियोत. कडधान्यं, तांदूळ, तीळ, मोहरी वगैरे. पेसाखमध्ये अश्केनाझी हे खात नाहीत, बहुतेक सेफार्दी खातात. म्हणून काही पाकिटांवर 'किट्नियोत खाणाऱ्यांसाठी' अशी ओळ असते. ती काढून टाकायची नसते.

यंत्रं काशर करताना कागदावर 'हगाला' आणि 'लिबुन' हे दोन शब्द दिसतील. हगाला म्हणजे उकळत्या पाण्याने. आधी यंत्र पूर्ण साफ करायचं, मग २४ तास काहीही गरम न चालवता मोकळं ठेवायचं, मग उकळतं पाणी सगळ्या आतल्या पृष्ठभागावर पोचवायचं. गाडी अडते ती बहुधा दोन ठिकाणी. रात्रपाळीत कोणी गरम पाणी फिरवलं तर २४ तास पुन्हा पहिल्यापासून मोजतात. आणि वाहतं पाणी लांबच्या पाइपात उकळीचं राहत नाही, म्हणून तपमान बाहेर पडण्याच्या टोकाशी बघतात. लिबुन म्हणजे थेट आगीने तापवणं, तव्यासारख्या कोरड्या भाजण्याच्या भांड्यांना. मातीची भांडी काशर होत नाहीत.

'तोव्हेल' याहून वेगळं. ते शुद्धीकरणाच्या कुंडात, म्हणजे मिक्वेत, नवं भांडं बुडवणं. हे घरगुती भांड्यांचं. धातू आणि काच बुडवतात, पण आधी चिकटवलेलं लेबल आणि त्याचा डिंक पूर्ण काढावा लागतो, कारण पाणी सगळीकडून लागलं पाहिजे. कादंबरीत नवी सून 'टॉइव्हलिंग'ला निघाली असेल तर ती भांडी घासायला चाललेली नाही.

केतकी_म

अन्नतंत्रदादा, हे कुठेच एकत्र मिळत नाही. धन्यवाद. शुभेच्छांबद्दलही कोणी लिहाल का? माझल तोव सगळीकडे चालतं का?

जर्सीवासी

नाही चालत. माझल तोव घडून गेलेल्या गोष्टीला: लग्न लागलं, मूल झालं, परीक्षेत पास झाला. परीक्षेला निघालेल्याला ते म्हणत नाहीत, तिथे 'हत्स्लाखा' (यश मिळो). त्यामुळे मराठीत माझल तोवचं 'अभिनंदन' होतं, 'शुभेच्छा' नाही. गरोदरपणाची बातमी कळल्यावर पारंपरिक माणसं माझल तोव टाळतात आणि 'बशाआ तोवा' म्हणतात, योग्य घटकेला होवो अशा अर्थाने. बातमी ऐकताच पात्राने कोणतं म्हटलं यावरून ते किती परंपरेतलं हे कळतं.

सणाला 'गुट योन्तिफ' आणि 'खाग सामेयाख' ही पुन्हा यिडिश-हिब्रू जोडी. योन्तिफ म्हणजे योम तोव, शुभ दिवस. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या उपवासदिनाच्या आधी 'ग्मार खातिमा तोवा', किंवा इंग्रजीत नुसतं 'ईझी फास्ट'.

बोलण्यात पेरलेले छोटे शब्दही असतात. 'उद्या फोन करतो, ब्ली नेदर' यातलं ब्ली नेदर म्हणजे ही शपथ समजू नका. 'मुलगा हुशार आहे, किनाहोरा' हे दृष्ट लागू नये म्हणून. किनाहोराला मी मराठीत 'दृष्ट न लागो' लिहीन आणि ब्ली नेदर तसंच ठेवीन, कारण बोललेला शब्द नवस-शपथेइतका बांधतो ही धारणा आपल्याकडे रोजच्या फोनपर्यंत येत नाही.

अलिबागचा_दर्यावर्दी

मराठीत हिब्रू शब्द लिहायचा प्रश्न आपल्यासाठी नवा नाही, हे इथे सांगायला हवं. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या आणि मुंबईच्या बेने इस्राएलांनी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, तो पूर्वीच हाताळला. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह सचित्र हगादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी) छापली गेली.

त्यांची जुनी पद्धत पाहण्यासारखी आहे. सणांना स्वतःची मराठी नावं होती. रोश हशाना (नववर्ष) म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण, पुरीम म्हणजे होळीचा सण. प्रार्थनागृहाला मशीद म्हणत. १७९६ चं मुंबईतलं शार हरहामीम म्हणजे जुनी मशीद. हिब्रू नावं शिक्षण आणि संपर्क वाढला तशी नंतर रुळली. त्यामुळे बेने इस्राएल पात्राच्या तोंडी शाबेस, शुल, ओय वे यांतलं काहीही येता कामा नये. यिडिश त्यांच्या इतिहासात नाही. त्यांच्या इंग्रजीत मात्र 'मालिदा' येतो, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने केलेला गोड पोह्यांचा नैवेद्य. इंग्रजी मजकुरातला हा शब्द पाहून त्याचं हिब्रू मूळ शोधत बसू नका, तो आपल्याकडचाच.

व्याकरणप्रेमी

लिपीबद्दल राहिलंच. रोमन लिपीत सी-एच लिहिलेला आवाज च नाही, घशातला ख आहे. 'चुट्झपा', 'चल्ला' हे वाचनाचे दोष, बोलण्यात ते खुत्स्पा (आगाऊ धिटाई) आणि हाला किंवा खाला. हनुक्का, हाला हे ह घेऊन रुळलेत, ते तसेच राहू द्यावेत. शब्दाच्या शेवटी मात्र ख हवा, कारण 'पेसाह'मधला ह मराठी उच्चारात उडतो.

टी-झेडचा आवाज हा मराठीतल्या 'चमचा'मधला च. हिंदीभाषकांना तो मुद्दाम शिकावा लागतो, आपल्याला नाही. पण छापील च तालव्यही वाचला जातो, म्हणून मात्सा (बिनखमिराची भाकर), मित्स्वा (धर्माज्ञा) असं त्स लिहिणं सुरक्षित.

इंग्रजी स्पेलिंगवर विसंबू नका. २०१३ च्या स्क्रिप्स स्पेलिंग बी स्पर्धेत शेवटचा शब्द होता रश्श्यातल्या गोळ्याचा, क्नेडल. भारतीय वंशाच्या मुलाने कोशातलं स्पेलिंग सांगून स्पर्धा जिंकली, आणि यिडिशची मानक रोमन पद्धत ठरवणाऱ्या यिवो संस्थेचं स्पेलिंग वेगळंच असल्याची चर्चा झाली. उच्चार ऐका आणि देवनागरीत उतरवा.

काही रूपं मराठीत भलतंच वाचली जातात. 'शाबस'चं शाब्बास होतं, म्हणून शाबेस. 'शूल'चं दुखणं होतं, म्हणून ऱ्हस्व शुल. 'शिवा' म्हटलं की शंकर आठवतो, म्हणून शिव्हा. धार्मिक घटस्फोटाचा कागद 'गेट', तो पहिल्यांदा येईल तिथे 'घटस्फोटाचा गेट' असं लिहा, नाहीतर नवऱ्याने फाटक दिलं नाही असा अर्थ लागेल.

मृणाल_अनुवाद

अपशब्दांचं मी लिहिते. श्मक आणि पुट्झ अमेरिकन इंग्रजीत सौम्य झालेत, यिडिशमध्ये ते पुरुषाच्या अवयवाचे अश्लील शब्द. यिडिश बोलत वाढलेली आजी श्मक म्हणाली तर खोलीतली माणसं चपापतात, तिच्या नातवाने म्हटलं तर कोणी वळूनही बघत नाही. मराठीत दोघांना वेगळी शिवी द्यावी लागेल. 'शिक्सा' म्हणजे ज्यू नसलेली बाई, पण मूळ हिब्रू शब्द किळसवाण्या वस्तूचा. 'परधर्मीय मुलगी' असं गुळगुळीत करू नका, तो डंख लेखकाने जाणून ठेवलेला असतो. 'श्व्हार्त्से' कृष्णवर्णीयांबद्दल तुच्छतेने वापरतात, तिथेही तेच.

केतकी_म

शेवटचा प्रश्न. एका पत्रात दिवंगत माणसाच्या नावापुढे झेड, अवतरणचिन्ह आणि एल आहे, आणि पत्राच्या माथ्यावर बी-एस-डी. मुद्रितशोधक म्हणतात दोन्ही काढा.

जर्सीवासी

दोन्हींचा अर्थ मराठीत राहायला हवा. पहिलं 'झिखरोनो लिव्राखा', त्याची स्मृती कल्याणकारी होवो. मराठीत नावाआधी 'कै.' लावून काम भागतं, फक्त मग नावापुढचं चिन्ह काढायचं. बाईचं नाव असेल तर झिखरोना, तिथेही कै. चालेल. बी-एस-डी हे अरामी 'बसियाता दिश्माया', स्वर्गाच्या साहाय्याने. कर्मठ ज्यू पत्राच्या उजव्या कोपऱ्यात वर लिहितात. त्या जागी 'श्री' घालू नका, पत्र लिहिणाऱ्याचा धर्मच बदलेल. देवनागरीत 'बसियाता दिश्माया' असं पूर्ण लिहून उजवीकडेच ठेवा. पत्रात 'गॉड'च्या मधलं अक्षर गाळून आडवी रेघ असेल तर तीही चूक नाही, नाव पुसलं जाऊ नये म्हणून तसं लिहितात. मराठीत 'दे-व' असं करता येतं, आणि जिथे 'हाशेम' (देवाचं नाव टाळून वापरायचा शब्द) आहे तिथे हाशेमच राहू द्या.